केरकचरा कोणी उचलावा?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जुळे सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनातील व्याख्यानांचे विषय बहुधा ठरलेले असतात. श्री संत नामदेव महाराजांचे चरित्र, मुलामुलींचे शिक्षण, विवाहातील अवास्तव खर्च हे विषय महत्त्वाचे आहेतच, आणि त्यांवर आमच्यापेक्षा अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून पुष्कळ सांगितले आहे. आम्ही आज एका साध्या, किंबहुना क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधणार आहोत. तो विषय म्हणजे आपल्या दारातील केरकचरा. मंगल प्रसंगी असला विषय कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास त्यांनी एवढेच आठवावे की, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या घरोघरी नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते. जिच्यामुळे घरातील केर बाहेर जातो तिला आपल्या वाडवडिलांनी लक्ष्मी मानले. परंतु उंबरठ्याबाहेर गेलेल्या केराचे पुढे काय व्हावे, आणि ते कोणी ठरवावे, याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. दारोदार कचरा गोळा करण्याचे काम पालिकेने नेमलेल्या एकाच गाडीकडे असावे आणि नागरिकाने त्या गाडीची वेळ, रीत आणि दर मुकाट्याने मान्य करावेत, ही पद्धत आम्हांस पसंत नाही. प्रत्येक वसाहतीस आपला कचरा उचलणारा माणूस अथवा संस्था स्वतः निवडण्याचा, मोबदला स्वतः देण्याचा आणि काम नीट न झाल्यास बदल करण्याचा हक्क असावा. पालिकेने नियम करावेत, देखरेख ठेवावी आणि जमा झालेल्या कचऱ्याची अखेरची विल्हेवाट लावावी.

हे बोलताना पालिकेविषयी आमच्या मनात अनादर नाही. पारतंत्र्याच्या काळात, ६ एप्रिल १९३० रोजी, आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकविणारी ही सोलापूरची नगरपालिका होय. १ मे १९६४ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने झाडलोट करणे व केरकचरा उचलून नेणे ही अशा संस्थांची आवश्यक कर्तव्ये ठरविली आहेत. पुढे १९९२ साली संसदेने संमत केलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची निर्माण केली आणि तीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापन हे विषय नगरसंस्थांच्या कार्यात घातले. योगायोग असा की, त्याच १९९२ च्या हद्दवाढीने आपला हा भाग शहरात आला. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधल्या माळावर सैफुलपासून आसरा चौकापर्यंत वसाहती उभ्या राहिल्या. येथे घर बांधणारा बहुतेक वर्ग नोकरदार, शिक्षक, निवृत्त कर्मचारी आणि लहान व्यावसायिक. आपला कोणी मायबाप नाही, जे करावयाचे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून, ही सवय या वस्तीला प्रारंभापासूनच लागली. रस्त्यावर मुरूम टाकणे, बोअर घेणे, गणपतीचे देऊळ बांधणे ही कामे कित्येक ठिकाणी वसाहतींनी वर्गणी काढून केली. कचऱ्याच्या बाबतीत मात्र ही सवय आपण सोडून दिली आणि घंटेची वाट पाहात बसलो.

या घंटेविषयी आमचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका ठेकेदाराची गाडी येत असे. चाळीस मुलांची हजेरी मांडण्यात आयुष्य गेले असल्यामुळे आम्ही त्या गाडीचीही हजेरी एका वहीत मांडली. महिनाअखेर वही पाहता असे दिसले की, गाडी आलीच नाही असे दिवस थोडे होते. खरी अडचण वेळेची होती. कधी सकाळी सातला, कधी अकराला, तर कधी भर दुपारी. ज्या घरी पतिपत्नी दोघेही कामावर जातात, त्या घरास बाराच्या घंटेचा उपयोग काय? कचऱ्याची पिशवी दारात ठेवावी तर कुत्री फाडतात. घरात ठेवावी तर वास येतो. म्हणून ती जाता जाता कोपऱ्यावर टाकली जाते. पाहता पाहता त्या कोपऱ्याचा उकिरडा होतो, गाईगुरे प्लॅस्टिकसकट अन्न खातात, आणि आपण सारे ‘लोकांना शिस्त नाही’ असे म्हणून मोकळे होतो. शिस्त नाही हे खरे. परंतु ज्या गाडीची वेळ ठरलेली नाही तिच्यासाठी शिस्त पाळणार तरी कशी?

आता तक्रारीचा प्रवास पाहा. नागरिक कर भरतो पालिकेला; पालिका निविदा काढते; ठेका मिळतो ठेकेदाराला; ठेकेदार नेमतो मुकादमाला; मुकादम पाठवितो गाडीवानाला. आपली तक्रार या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थोडीथोडी झिजते आणि गाडीवानाच्या कानापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्यात काही जीव उरलेला नसतो. शिवाय गाडीवानास वेतन देणारा, ठेवणारा वा काढणारा आपल्यापैकी कोणीही नसतो. जेथे ठेकेदाराचे देयक वजनावर निघते, तेथे कचरा जितका अधिक आणि जितका ओला तितके त्याचे हित. घरातच खत करून कचरा कमी करणारा नागरिक हा त्याच्या दृष्टीने नुकसान करणारा ठरतो! लोकप्रतिनिधीकडे जावे, असे कोणी म्हणेल. परंतु मार्च २०२२ मध्ये आपल्या महानगरपालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात कोपऱ्यावरच्या उकिरड्याविषयी जाब विचारण्यास नागरिकास स्वतःचा नगरसेवकही नव्हता. कचरा तर रोज होतो. निवडणूक होईपर्यंत तो थांबत नाही.

बंधूंनो, निवडीच्या हक्काचे महत्त्व आपल्या समाजास दुसऱ्या कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. गिऱ्हाईक आपला शिंपी स्वतः निवडते. माप चुकले तर ते सदरा परत आणते, आणि दुसऱ्यांदा चुकले तर शेजारच्या दुकानाची पायरी चढते. या एका भयाने आणि त्यातून उत्पन्न होणाऱ्या विश्वासाने आपल्या पूर्वजांची कात्री सरळ चालली. गणवेशाच्या धंद्यासाठी आज सोलापूरचे नाव दूरवर घेतले जाते, तेही याच गुणामुळे.

या गणवेशाचेच उदाहरण घ्या. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी राज्य शासनाने ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना राबविली. तोवर शाळेची व्यवस्थापन समिती गणवेश शिवून घेत असे. तो अधिकार काढून कापड एका ठिकाणाहून पुरविण्याचे आणि शिलाई बचत गटांमार्फत करून घेण्याचे ठरले. हेतू वाईट नव्हता. सर्व मुले सारखी दिसावीत, कापड एकदम घेतल्याने स्वस्त पडावे, असा तो विचार होता. परंतु गणवेश उशिरा आल्याच्या आणि मापात न बसल्याच्या तक्रारी राज्यभरातून झाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरविला आणि पुढील वर्षापासून तो अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. पैसा शासनाचाच राहिला, नियमही शासनाचेच राहिले. शिवून कोणाकडून घ्यावे हे मात्र मुलाचे माप ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ठरवावे, एवढाच बदल झाला. कचऱ्याच्या बाबतीत आम्ही याहून निराळे काय मागत आहोत?

परंतु निवड म्हणजे ज्याने त्याने मनास येईल तसे करणे, असा अर्थ कोणी घेऊ नये. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल येथे २०१८ पर्यंत प्रत्येक घरधनी आपापल्या पसंतीच्या कंपनीस कचऱ्याचे काम देत असे. परिणामी एकाच गल्लीत आठवड्यातून अनेक कंपन्यांच्या गाड्या फिरत. रस्ते झिजत आणि दरही घरागणिक निराळे असत. ऑक्टोबर २०१८ पासून शहराने ही व्यवस्था आपल्या हाती घेऊन विभाग वाटून दिले. त्यावर मोठा वाद झाला. ज्यांचा कचरा अगदी थोडा, जे शेजाऱ्याबरोबर एकच डबा वापरून काटकसर करीत, त्यांनाही स्वतंत्र आकार भरावा लागला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकमत घेण्यात आले. त्यात बहुमत शहराच्या व्यवस्थेच्या बाजूने पडले. हे उदाहरण आमच्या मताच्या विरुद्ध जाते असे वाटेल. म्हणूनच ते मुद्दाम सांगितले. त्यातून आम्ही असा बोध घेतो की, निवडीचा घटक घर असू नये, वसाहत असावी. एका गल्लीत एकच गाडी फिरावी. मात्र ती कोणाची असावी हे गल्लीतील घरांनी एकत्र बसून, वर्षातून एकदा ठरवावे.

आपल्या राज्यातील उदाहरण पुण्याचे. तेथे १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. तिचे सभासद हे स्वतःच कचरा गोळा करणारे, आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी. त्या रोज ठरलेल्या दारी जातात, दरमहा शुल्क घरातूनच घेतात, आणि सुका माल वेगळा करून विकतात. तेथेही एका भागात एकच संस्था असते, तेव्हा ती पूर्ण निवड झाली असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या हाताने कचरा उचलला त्याच हातात मोबदला पडतो, ही गोष्ट मोलाची आहे. कचरा वेचणारी बाई आणि घरची गृहिणी एकमेकींना नावाने ओळखतात. ‘ताई, आज ओल्यात काच आली’ असे ती सांगू शकते आणि गृहिणीस ते ऐकावे लागते. बंद गाडीच्या भोंग्याला असे बोलता येत नाही.

आता फळ्यावर हिशेब मांडावा तसा व्यवहार मांडून पाहू. समजा, एका वसाहतीत ८० घरे आहेत आणि घरटी दरमहा १०० रुपये जमले. एकूण ८,००० रुपये झाले. एवढ्यात एका माणसाचाही संसार नीट चालणार नाही. म्हणून एकट्या लहान वसाहतीने हा उद्योग करू नये. शेजारच्या तीन वसाहती एकत्र आल्या तर २४० घरे आणि २४,००० रुपये होतात. त्यांत दोन माणसे सकाळच्या चार-पाच तासांच्या कामासाठी ठेवता येतील. सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्न त्यांचेच राहावे. हातमोजे, बूट आणि ढकलगाडीची दुरुस्ती यांचा खर्च वसाहतींनी वर्गणीतून निराळा करावा. घरटी १०० रुपये म्हणजे दिवसाला साडेतीन रुपयांहूनही कमी. एका कपाच्या चहाला याहून अधिक पडतात. वेळ मात्र आपली: ज्या वसाहतीत नोकरदार अधिक, तेथे सकाळी साडेसातच्या आत, जेथे वृद्ध अधिक, तेथे थोडे उशिरा.

दुसरी बाब ओल्या कचऱ्याची. केंद्र शासनाच्या एप्रिल २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा घरातच वेगळा करावा, असे सांगितले. आपल्या शहराचा कचरा डेपो तुळजापूर रस्त्याला, म्हणजे आपल्या अगदी उलट टोकास. जुळे सोलापुरातील भाजीची देठे आणि कलिंगडाच्या साली डिझेल जाळून साऱ्या शहरातून तिकडे न्यावयाच्या, हा कोणता हिशेब? पुष्कळ वसाहतींना रेखांकनात सोडलेली मोकळी जागा आहे. तिच्या एका कोपऱ्यात खताचे दोन हौद बांधले, एक भरेपर्यंत दुसरा मुरत ठेवला, तर कचऱ्याचा मोठा भाग तेथेच जिरेल आणि बागेस खत मिळेल. उरलेला माल थोडा, कोरडा आणि दुर्गंधी नसलेला. तो आठवड्यातून दोन वेळा नेला तरी चालेल. स्वतःची व्यवस्था स्वतः ठरविणारी वसाहतच हे करू शकते. वजनावर देयक घेणारा ठेकेदार ते कशाला करील?

या योजनेवर चार आक्षेप येतील. पहिला असा की, आपण कर भरतो, मग पुन्हा वर्गणी का द्यावी? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आमची मागणी अशी की, जी वसाहत दारोदार संकलनाची जबाबदारी स्वतः घेईल, तिच्या घरांना पालिकेने कचऱ्याच्या उपयोगकर्ता शुल्कात सूट द्यावी. सर्वसाधारण कर आम्ही देतच राहू, कारण रस्ते झाडणे, गटारे, डेपो ही कामे सर्वांची आहेत.

दुसरा आक्षेप: खासगी माणूस रात्री कचरा नाल्यात टाकील. टाकूही शकेल. त्यासाठी पालिकेने परवाना द्यावा, कचरा कोठे पोहोचविला याची पावती घ्यावी, आणि वसाहतीने त्या पावत्यांची वही ठेवावी. पावती नाही तर मोबदला नाही, असा नियम असावा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सुखवस्तू वसाहती आपली व्यवस्था करून बाजूला झाल्या, तर झोपडपट्टीचा कचरा कोण उचलणार? आणि बोलक्या वर्गाचा आवाज गेल्यावर पालिकेस जागे कोण ठेवणार? आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला. आमचे उत्तर असे की, ज्यांना वर्गणी परवडत नाही त्यांच्या दारी जाण्याचे पालिकेचे कर्तव्य तिळमात्र कमी होता कामा नये. आपल्या गल्लीतून मोकळी झालेली गाडी त्या वस्तीत दुसरी फेरी करील, अशी लेखी अट आपण आपल्या मागणीतच घातली पाहिजे. ही अट जर पालिका मान्य करणार नसेल, तर आम्हीही सूट मागणार नाही. स्वतःचे अंगण स्वच्छ करण्यासाठी दुसऱ्याच्या अंगणात उकिरडा वाढविणे हा नागरिकाचा धर्म नव्हे.

चौथा आक्षेप आज काम करणाऱ्या माणसांविषयी. आज गाडीमागे धावणाऱ्या आणि उकिरड्यात प्लॅस्टिक वेचणाऱ्या माणसांचे काय? निवडीचा पहिला मान त्यांचाच. वसाहतीने बाहेरची मोठी कंपनी शोधण्यापूर्वी या माणसांना गटाने एकत्र येण्यास साहाय्य करावे.

येथे आम्हांस थोडे परखड बोलावे लागते. निवडीच्या हक्काचा अर्थ ‘सर्वांत स्वस्त कोण’ एवढाच घेतला, तर आपण त्या हक्कास अपात्र ठरू. शिलाईचे दर पाडून घेणारे गिऱ्हाईक कारागिरास कसे रक्ताचे पाणी करावयास लावते, हे ज्यांच्या घरात रात्र रात्र यंत्रे चालली त्यांना सांगावयास नको. हे काम शतकानुशतके काही मोजक्या जातींच्या माथी मारले गेले आणि वर त्यांनाच अस्पृश्य ठरविले गेले. निवड करणारे आपण आणि निवडले जाणारे तेच, वेतन अल्प आणि वागणूक जुनीच, असे झाले तर आमच्या साऱ्या व्याख्यानाचा अर्थ उलटा होईल. संत गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला, तो हे काम हीन नाही हे दाखविण्यासाठीच. आणि आपल्या समाजास याहूनही जवळचा दाखला आहे. आपल्याच जिल्ह्यातील मंगळवेढे येथे वेशीचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली संत चोखामेळा गतप्राण झाले. परंपरा सांगते की, नामदेव महाराज स्वतः तेथे गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी वेचल्या आणि त्या पंढरपुरास आणून महाद्वारापाशी समाधी बांधली. ज्या हातांनी सुई धरली त्याच हातांनी त्या अस्थी वेचल्या. त्या हातांचा वारसा सांगणाऱ्यांनी आपला कचरा उचलणाऱ्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करावी काय? त्याला पाण्याचा पेला द्यावा, नावाने हाक मारावी, आजारपणाच्या दिवसांचे वेतन कापू नये. हे जमत नसेल तर निवडीचा हक्क मागूच नये.

एक सूचना खास आपल्या घरांसाठी. आपल्यापैकी अनेकांकडे आजही शिलाईचे काम चालते आणि रोज चिंध्या निघतात. पूर्वी आजीबाई त्यांच्या गोधड्या शिवीत. आज ती चिंधी भाजीच्या सालींत मिसळून बाहेर पडते, आणि एकदा मिसळली की तिचे ना खत होते ना गोधडी. सुती चिंधी आणि कृत्रिम धाग्याची चिंधी यांसाठी दोन निराळ्या पिशव्या खुंटीला टांगाव्यात. हे करण्यास कोणाच्या परवान्याची गरज नाही. उद्या सकाळीच आरंभ करता येईल.

सारांश, आम्ही मंडळापुढे तीन सूचना विचारार्थ ठेवतो. (१) जुळे सोलापुरातील ज्या वसाहतींत आपल्या समाजाची घरे आहेत, तेथील सभासदांनी इतर सर्व शेजाऱ्यांना बरोबर घेऊन वसाहतीची सभा बोलवावी. हे काम एका ज्ञातीचे नाही आणि तसे होऊही नये. (२) निदान तीन वसाहतींनी एकत्र येऊन एक वर्षापुरता प्रयोग करावा, हिशेबाची वही सर्वांस खुली ठेवावी आणि वर्षअखेर व्यवस्था चालू ठेवावी की बदलावी याचे मत घ्यावे. (३) त्या अनुभवाच्या आधारे मंडळाने महानगरपालिकेस निवेदन द्यावे. त्यात शुल्कातील सूट आणि गरीब वस्तीस मिळावयाची दुसरी फेरी या दोन्ही मागण्या एकत्र असाव्यात, एकीवाचून दुसरी नसावी.

प्रयोग फसला तर पुन्हा पालिकेच्या गाडीकडे जाण्याचा मार्ग मोकळाच आहे. परंतु यशस्वी झाला, तर आपला कचरा कोठे जातो, कोण नेतो आणि त्याच्या घरी चूल कशी पेटते, हे जाणणारी पिढी या भागात वाढेल. स्वराज्याची पहिली शाळा गल्लीत असते, अशी एका शिक्षकाची श्रद्धा आहे.



॥ श्री नामदेव महाराज की जय ॥